आधी पाणी, मग गाव

आमच्या भागात दारात अनोळखी माणूस आला तर त्याला आधी पाणी देतात. नाव-गाव नंतर. लोटाभर पाणी पिऊन झालं, उपरण्यानं तोंड पुसून झालं, की ओसरीवरची म्हातारी विचारते, "कथा जाई राहिनात भाऊ?" म्हणजे कुठे चाललात. तुम्ही कोण, हा प्रश्न त्याच्याही पुढचा, आणि पुष्कळदा तो विचारायचा राहूनच जातो. माणूस उठतो, 'येतो' म्हणतो आणि वाटेला लागतो.

ही रीत अहिराणी बोलणाऱ्यांच्या घरात आहे, गुजर पाटलाच्या घरात आहे, डोंगरात भिलाच्या आणि पावऱ्याच्या झोपडीत तर आहेच आहे. शहरातून येणाऱ्यांना तिचं फार कौतुक वाटतं. मला तिचं नुसतं कौतुक करवत नाही, कारण तिच्यात एक गोम होती. माझ्या लहानपणापर्यंत सपाटीवरच्या गावांत पाणी सगळ्यांना होतं, पण लोटा सगळ्यांना नव्हता. कुणाच्या हातात लोटा द्यायचा आणि कुणाच्या ओंजळीत वरून धार धरायची, हे घरातल्या बारक्या पोराला न शिकवता कळायचं. तहान भागायची, माणूस मात्र हातभर लांबच उभा राहायचा. त्या हातभर अंतराचं काय काय झालं, ते मला इथे सांगायचं आहे.

नंदुरबार जिल्हा तसा कालचा. १ जुलै १९९८ ला तो धुळ्यातून वेगळा निघाला. त्याआधी हा सगळा मुलूख पश्चिम खानदेश म्हणून ओळखला जाई. पण नंदुरबार गाव जुनं, आणि त्याच्यावरून जाणारी वाट तितकीच जुनी. सुरतेच्या बंदरात उतरलेला माल याच वाटेनं बऱ्हाणपूरला जायचा आणि तिथून पुढे आग्र्याला. शिवाय प्रकाशाला तापीवर अंघोळीला येणारे, सारंगखेड्याच्या दत्ताच्या यात्रेत घोडे घेऊन येणारे, शिवरात्रीला तोरणमाळ चढणारे. अनोळखी माणूस ही आमच्याकडे नवलाईची गोष्ट कधीच नव्हती. दारावरून रोज जाणारच तो.

या वाटेवरून १६३० च्या नोव्हेंबरात पीटर मंडी नावाचा एक इंग्रज गेला. ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर. सुरतेहून आग्र्याला निघालेला. त्यानं रोजची हकीकत लिहून ठेवली म्हणून आज आपल्याला ती ठाऊक आहे. ते वर्ष मोठ्या दुष्काळाचं. गुजरात आणि खानदेशात पाऊस पडला नव्हता. शहाजहान बादशहा दख्खनच्या मोहिमेसाठी बऱ्हाणपुरात तळ देऊन बसला होता, आणि धान्याचा ओढा त्या छावणीकडे होता. मंडी नंदुरबारवरून गेला तेव्हा रस्ता प्रेतांनी भरलेला होता. भुकेलेली माणसं प्रवाशांच्या घोड्याबैलांच्या शेणातून न पचलेले दाणे वेचून खात होती, असं त्यानं लिहिलं आहे. याहून भयंकरही लिहिलं आहे, ते मी इथे सांगत नाही.

दरवाजातून लोटा पुढे करणारे हात तेव्हा कुठे गेले होते? गेले नव्हते, तेच हात शेण चिवडत होते. कणगीत दाणा असला तर दारात माया असते, हे आपल्याला ऐकायला आवडत नाही, पण इतिहासात तसंच दिसतं. ज्यांच्याकडे दाणा होता त्यांनी काय केलं, याचीही नोंद आहे. बादशहानं बऱ्हाणपूर, सुरत, अहमदाबाद इथे लंगर उघडले. बऱ्हाणपुरात दर सोमवारी पाच हजार रुपये वाटायचा हुकूम झाला. सोमवार, कारण बादशहा तख्तावर बसला तो वार. वीस सोमवार, एक लाख रुपये. अब्दुल हमीद लाहोरी या त्याच्या दरबारी इतिहासकारानं हे मोठ्या अभिमानानं लिहिलं आहे. मृतांच्या आकड्यापुढे तो लाख रुपया केवढासा, हे त्यानं लिहिलेलं नाही. दरबारी माणूस लिहिणार तरी कसा?

पण मंडीच्या कागदांत एक गोष्ट अशी आहे की ती वाचून मी पुस्तक मिटून बसलो होतो. तो सांगतो, आई-बाप पोटच्या पोरांना काही पैशांना विकत होते, आणि विकत घेणारा मिळाला नाही तर फुकट देत होते. जो कोणी नेईल त्याला. नेणाऱ्याचे आभार मानून. पोरगं पुन्हा कधी दिसणार नाही हे पक्कं ठाऊक असून, ते कुठे तरी जिवंत राहील एवढ्यासाठी.

आता हे विकणं म्हणायचं का? इतिहासकार त्याला विकणंच म्हणतात, आणि कागदावर ते तसंच आहे. मला त्यात दुसरंही काही दिसतं. त्या बाईचा आपल्या गावावर विश्वास उरला नव्हता, कारण गाव तिच्यासारखंच मरत होतं. राजावर नव्हता. देवावर असेल-नसेल. पण रस्त्यानं चाललेल्या, नाव माहीत नसलेल्या, भाषा वेगळी असलेल्या माणसाच्या हातात ती आपलं लेकरू ठेवत होती. त्यातले कितीक हात वाईट असतील. तरीही त्या घडीला तिच्यापाशी दुसरा आधार नव्हता. अनोळखी माणसाची माया हा आपल्याकडे सुविचाराच्या फळ्यावर लिहायचा विषय झाला आहे. या रस्त्यावर ती एकदा शेवटची शिल्लक होती.

आदिवासींनी दुष्काळाची आठवण कागदावर ठेवली नाही, देवीत ठेवली. याहामोगी ही सातपुड्यातल्या आदिवासींची कुलदेवता. याहा म्हणजे आई. तिचं ठाणं देवमोगरा, आज ते गुजरातेत सागबारा तालुक्यात येतं, पण महाशिवरात्रीला आमच्या अक्कलकुवा-तळोद्याकडून माणसांची रांग लागते. मोठ्या दुष्काळात तिनं आल्या-गेल्याला धान्य दिलं, कुणाला परत पाठवलं नाही, असं सांगतात. म्हणून तिला नव्या टोपलीतून धान्यच वाहतात. यात्रेच्या वाटेवर पाण्याचे माठ मांडलेले असतात, आणि तिथे लोटा सगळ्यांना असतो.

आता त्या हातभर अंतराकडे येतो.

तळोदा तालुक्यात मोरवड नावाचं गाव आहे. आता त्याला रंजनपूरही म्हणतात. तिथल्या एका गरीब भिल कुटुंबातला माणूस, गुलाम महाराज, कुणी गुला महाराजही म्हणतात, १९३७-३८ च्या सुमारास लोकांना काही साध्या गोष्टी सांगू लागला. रोज अंघोळ करा. दारू सोडा. मांस सोडा. चोरी करू नका. सोमवारी आरतीला या. यातलं वेगळं असं काही नाही. असे संत खानदेश-गुजरातेत आधीही झाले होते. वेगळं होतं ते बोलवणं. भेटेल त्याला 'आप' म्हणायचं आणि नमस्कार करायचा तो 'आप की जय' असा.

आजच्या वाचकाला यात काय एवढं, असं वाटेल. त्या काळचं बोलणं आठवून पाहा. भिलाला हाक मारायची तर 'अरे', 'ए', नाहीतर नुसतं जातीचं नाव, तेही मोडून. साठीच्या म्हाताऱ्याला मालकाचा दहा वर्षांचा पोरगा 'ये रे' म्हणायचा. 'तुम्ही' हा शब्द त्या माणसाच्या वाट्याला जन्मात आलेला नसायचा. सरकारी कागदात 'सदर इसम' तेवढा आला असेल. आणि अशा माणसाला दुसरा तसाच माणूस, आयुष्यात पहिल्यांदा, 'आप' म्हणतो. खर्च काही नाही. दाणा लागत नाही, पैसा लागत नाही, जमीन लागत नाही. १६३० चा हिशेब मी वर सांगितला, कणगी रिकामी असेल तर माया आटते. ही एक माया अशी निघाली की ती रिकाम्या कणगीच्या माणसालाही देता येत होती.

हजारोंनी लोक मोरवडला येऊ लागले. सोमवारी डोंगरातून माणसांच्या ओळी उतरायच्या. शहाजहानचाही सोमवार आणि गुलाम महाराजांचाही, हा निव्वळ योगायोग. पण एका सोमवारी पैसे वाटले जात होते आणि दुसऱ्या सोमवारी मान, एवढं मनात येतं खरं. दारूच्या गुत्त्यांची गिऱ्हाइकं तुटली. मालक लोक बिचकले.

आमच्या घरात याची एक गोष्ट सांगितली जायची. आजोबांची तळोद्याकडे थोडी शेती होती आणि एक सालदार होता, भिलच. सालदार म्हणजे वर्षाच्या करारावर ठेवलेला गडी. साल ठरलं की तो दिवस-रात्र मालकाचा. हा रोज सकाळी यायचा, मान खाली घालून 'राम राम मालक' म्हणायचा, आजोबा 'हं' म्हणायचे. 'राम राम'ला उलट 'राम राम' म्हणायची चाल नव्हती. एका मंगळवारी तो आला, अंघोळ केलेला, धुतलेलं धोतर, आणि सरळ उभा राहून म्हणाला, "आप की जय." आजी सांगायची, आजोबा दात घासत होते, ते तसेच थांबले. 'हं' म्हणावं तर ते बसत नव्हतं. कारण समोरच्यानं आपली जय म्हटली आहे, तुमचीच. तिला 'हं' कसं म्हणणार? शेवटी चूळ भरली आणि म्हणाले, "जय." एवढंच. पण त्या दिवसापासून ते रोज म्हणावं लागलं. आजी म्हणायची, "त्यानं काही मागितलं असतं तर यांनी नाही म्हटलं असतं. त्यानं तर दिलं."

मी या गोष्टीवर पुष्कळ विचार केला आहे. वरच्यानं खालच्यावर दया करावी, हे समाजाला पचतं. त्यानं कुणाची जागा हलत नाही. उलट दया करणाऱ्याची बैठक दोन बोटं उंच होते. पण खालच्यानं वरच्याला बरोबरीच्या मानानं वागवलं की वरच्याची पंचाईत होते. गुलाम महाराजांनी कुणाला शिवी दिली नाही, कुणाचं कोठार फोडलं नाही. तरी त्यांची भीती वाटली ती यामुळे. महाराज १९३८ मध्येच वारले. त्यांच्यामागे भाऊ रामदास महाराजांनी काम चालवलं, गर्दी आणखी वाढली, आणि पुढे सरकारनं रामदास महाराजांना जिल्ह्याबाहेर काढलं. एका नमस्कारासाठी माणसं हद्दपार झाल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. मोरवडला आजही लोक येतात, आणि 'आप की जय' आजही ऐकू येतं.

पुढचा भाग थोडक्यात सांगतो, कारण त्यावर बरंच लिहिलं गेलं आहे. नुसत्या मानानं पोट भरत नव्हतं. जमिनी सावकारांकडे आणि मोठ्या शेतकऱ्यांकडे गेलेल्या होत्या, मजुरी हातावर पडत नव्हती. मे १९७१ मध्ये, टंचाईच्या दिवसांत, शहादा तालुक्यात पाटीलवाडीला भिल माणसं धान्य मागायला गेली. त्यांच्यावर गोळी चालली आणि एक माणूस मेला. पाण्याआधी गाव न विचारणाऱ्या मुलखात हेही घडलं आहे, ते वगळून या भागाची माया सांगणं मला खोटेपणाचं वाटतं. त्यानंतर पाडळद्याचे अंबरसिंग सुरतवंती उभे राहिले. ते भजनं गायचे, म्हणून लोक त्यांना महाराज म्हणत. १९७२ मध्ये शहाद्यात भूमुक्ती मेळावा भरला, श्रमिक संघटना झाली. मुंबई-पुण्याची शिकलेली पोरं इकडे आली. त्यातले कुमार शिराळकर हे आयआयटीतून इंजिनियर झालेले. ते आले ते इथलेच झाले, २०२२ मध्ये वारले. अंबरसिंग १९७४ मध्ये अकालीच गेले.

या पोरांबद्दल लिहिताना त्यांनी आदिवासींसाठी काय केलं ते लिहितात, आणि लिहायलाच पाहिजे. पण त्यांना रोज भाकर कोण घालत होतं? ज्यांच्याकडे उद्याची नव्हती ते सालदार. मालकाला कळलं तर साल तुटेल, ही भीती असून. शहरातून आलेला, चष्मा लावणारा, भिलोरी न येणारा पोरगा. त्याला जेवायला घालणं ही त्या घरातल्या बाईसाठी लहान गोष्ट नव्हती.

डोंगरातली गोष्ट मी स्वतः पाहिलेली आहे. मी मास्तरकी करत होतो आणि पहिली नेमणूक धडगावच्या पलीकडे, नर्मदेच्या उतारावर. एसटी सोडून बराच वेळ चालल्यावर दोन नाल्यांच्या बेचक्यात रस्ता हरवला. एका पावरा घरानं ठेवून घेतलं. आम्हाला एकमेकांचं बोलणं निम्मंही कळत नव्हतं. ज्वारीची भाकर आणि उडदाची डाळ, एकुलती एक खाट मला. सकाळी घरधनी माझी ट्रंक खांद्यावर घेऊन पुढे चालू लागला आणि दोन टेकड्या ओलांडून शाळेच्या पाड्यावर आणून सोडलं. मी पैसे काढले ते त्यानं हातानं सारले. विडीचा कट्टा पुढे केला तेव्हा दोन विड्या घेतल्या, एक पेटवली, एक कानावर ठेवली आणि आल्या वाटेनं चढून गेला. पुढे कळलं, त्या दिवशी त्याच्या पाड्यात 'लाह' होती. लाह म्हणजे एकाच्या घराला किंवा शेताला सगळ्या पाड्यानं एक दिवस मजुरी न घेता हात लावायचा, घरधन्यानं जेवू घालायचं. आज माझ्याकडे, उद्या तुझ्याकडे. त्या माणसाचं नाव मी विचारलंच नाही. त्यानंही माझं विचारलं नव्हतं.

याच उतारावर पुढे सरदार सरोवराचं पाणी चढलं. महाराष्ट्रातली ३३ आदिवासी गावं त्याच्या तडाख्यात आली, मणिबेली त्यात पहिलं. १९९० नंतर आंदोलनाच्या काळात देशभरातून, परदेशातूनही माणसं या गावांत येऊन राहिली. ज्यांची घरं बुडणार होती, त्याच घरांतून त्यांना भाकर मिळत होती. धरणाबद्दल तुमचं-माझं मत काही असो, एवढी गोष्ट दोन्ही बाजूंनी मान्य व्हायला हरकत नसावी.

पाणी चढल्यावर पाड्यांमधल्या पायवाटा बुडाल्या. एका काठावरून दुसऱ्या पाड्यावर जायचं तर डोंगर चढून-उतरून जा, नाहीतर डोंगीनं. अक्कलकुवा तालुक्यातलं चिमलखेडी हे असंच काठावरचं गाव. तिथल्या अंगणवाडीच्या ताई रेलू वसावे. २०२० च्या मार्च महिन्यात टाळेबंदी लागली. आजाराच्या भीतीनं पाड्यांवरच्या बाया पोरांना घेऊन अंगणवाडीत यायच्या बंद झाल्या. नेहमी त्या होडीनं यायच्या. आता पोरांची वजनं कोण करणार, गरोदर बायांना पोषण आहार कसा पोहोचणार? अलिगाट आणि दादर या पाड्यांवर तान्ही आणि कुपोषित मिळून पंचवीसेक बाळं होती, सात गरोदर बाया होत्या.

रेलूताईंचं वय तेव्हा २७, घरात स्वतःची दोन लहान लेकरं. त्यांनी एका मासेमाराकडून लहानशी डोंगी मागून घेतली आणि एप्रिलपासून स्वतः वल्हवत जाऊ लागल्या. सकाळपासून दुपारपर्यंत अंगणवाडीचं काम, मग आहाराची पाकिटं आणि वजनकाटा डोंगीत घालून पाण्यावर. जाऊन-येऊन १८ किलोमीटर. आठवड्यातून पाच दिवस. काठाला लागलं की पुढे डोंगर चढून पाडा. परतायला संध्याकाळ. कधी सोबत नातलग बाई असे, कधी नसे. कुणी तसा हुकूम काढलेला नव्हता. त्या वर्षाच्या शेवटाला वर्तमानपत्रांत हे छापून आलं, तेव्हा देशानं वाचलं.

टाळेबंदीचे ते दिवस आठवा. दारात अनोळखी माणूस दिसला की शहरात कडी लावली जात होती. आमच्याकडची ऊसतोडीला गुजरातेत गेलेली कोयत्यांची माणसं, बारडोली-सुरतेकडच्या पडावांवरून पायी निघाली होती, आणि काही गावांनी वेशीवर काटेरी झुडपं टाकली होती. झुडपांच्या अलीकडे कुणीतरी पाण्याचा जार आणि एक डब्बा ठेवून लांब जाऊन उभं राहायचं, असंही झालं. पुन्हा तेच हातभर अंतर. फक्त या वेळी ते सगळ्यांनाच सारखं होतं.

रेलूताईंना मात्र लांब उभं राहून चालणारं नव्हतं. बाळाचं वजन करायचं तर बाळ हातात घ्यावं लागतं.

ज्यानं डोंगी दिली त्या मासेमाराचं नाव कुठे छापून आल्याचं माझ्या वाचनात नाही. जलाशयात मासे धरून पोट भरणारा माणूस. ती डोंगी म्हणजे त्याची रोजी. आठवड्यातले पाच दिवस ती काठावर नसायची.